घाटावरचा धोंडा आणि घरातले यंत्र

नाशिकचे नाव घेतले की गोदावरीचे घाट डोळ्यांपुढे येतात. या घाटांवर पर्वस्नाने झाली, पिंडदाने झाली, कुंभमेळे भरले. आणि त्याच काठाला, थोडे खालच्या अंगाला, पिढ्यान्पिढ्या धुणे आपटले गेले. स्नानांचे माहात्म्य ग्रंथांतून आले. धुण्याचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही, कारण ते काम करणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती. आज इंदिरानगरातील घरोघरी वॉशिंग मशीन आले आहे, येत आहे. त्याने आपल्या घरात काय आणले आणि घराबाहेर काय नेले, हे समजायचे तर हा न लिहिलेला इतिहास थोडा चाळून पाहावा लागेल.

गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. भट्टी लावावी, कपडे नदीवर धुवावेत, खळ घालून इस्त्री करावी आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य आणावे, असा त्याचा क्रम. रोजचे धुणे मात्र घरच्या बाईच्याच वाट्याला असे. रिठा, पापडखार, पुढे साबणाची वडी, एवढ्या सामग्रीवर तिने घरादाराचा मळ काढला. पाणी शेंदणे, कपडे भिजवणे, धोंड्यावर आपटणे, खळबळणे, पिळणे आणि ओल्या धुण्याचे ओझे डोक्यावर घेऊन परतणे, यांत तिची सकाळ सरे. थंडीत बोटांना चिरा पडत. आजाऱ्याचे अंथरूण, बाळंतिणीचे कपडे आणि लेकरांची दुपटी यांना सुट्टीचा वार नसे. प्रवरेच्या खोऱ्यातून नाशिकला येऊन स्थायिक झालेल्या आपल्या धर्मग्रामांतील वृद्ध मातांनी नदीवरचे आणि पाटावरचे हे धुणे स्वतः केले आहे. त्यांच्या गुडघ्यांना आणि कंबरेला ते आजही स्मरते.

संत गाडगे महाराज १८७६ साली याच परीट समाजात जन्मले. नाशिकमध्ये एक धर्मशाळा आणि गोदावरीवरचा एक पूल त्यांचे नाव मिरवतात. दुसऱ्यांचा मळ काढणाऱ्या समाजातला हा पुरुष खराटा घेऊन गावेच्या गावे झाडत गेला आणि हलके मानलेल्या कामाला त्याने भक्तीची प्रतिष्ठा दिली. पवित्र शास्त्रालाही परीट परका नाही. प्रभूच्या आगमनाचे वर्णन करताना मलाखी संदेष्ट्याला परटाचा खार आठवतो. रूपांतराच्या डोंगरावर येशूची वस्त्रे किती शुभ्र झाली हे सांगताना संत मार्कलाही परटाचीच उपमा सुचते.

यंत्राचा इतिहास युरोपात सुरू होतो, आणि गंमत अशी की त्याच्या आरंभीच्या पानांवर एक धर्मोपदेशक भेटतो. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब ख्रिस्तियान शेफर हे प्रॉटेस्टंट पाळक निसर्गशास्त्रज्ञही होते. १७६७ साली त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले. १७८२ साली इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर यांनी हाताने फिरवायच्या पिंपाचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली अमेरिकेत जेम्स किंग यांनी तशाच फिरत्या पिंपाचे यंत्र पुढे आणले. मात्र दांडा फिरवायला माणूस लागतच होता, आणि तो माणूस बहुधा बाईच असे. विजेची मोटर बसवलेले यंत्र १९१०च्या सुमारास बाजारात आले. भिजवणे, धुणे, खळबळणे आणि पिळणे आपोआप करणारे बेंडिक्स कंपनीचे घरगुती यंत्र १९३७ साली दिसले. ते इतके हादरे देई की त्याला जमिनीशी बोल्टांनी जखडून ठेवावे लागे.

भारतात आधी साबणाची पूड आली. १९५९ साली सर्फ आले आणि १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी स्वस्त निरमा आणून ती पूड साध्या माणसाच्या मोरीत पोहोचवली. यंत्राला मध्यमवर्गाच्या घरात शिरायला १९८०चे दशक सरत यावे लागले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉन कंपनीने त्यात पुढाकार घेतला. एका पिंपात धुणारे आणि दुसऱ्यात पिळणारे ते अर्धस्वयंचलित यंत्र आपल्याकडे रुजले, याचे कारण पाण्यात आहे. नळाला धार नसली तरी त्यात बादलीने पाणी ओतता येई. ज्या शहरात पाणी ठरल्या वेळी येते, तिथे हा गुण लहान नव्हे. पुढे व्हिडिओकॉन दिवाळखोरीत गेली. तिने लावलेली सवय मात्र राहिली.

नाशिकही याच काळात पालटत होते. १९८२ साली महानगरपालिका झाली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी गावोगावची माणसे ओढून आणली. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. मुंबई-आग्रा महामार्गालगत इंदिरानगर वाढत गेले. नदीकाठचा धोंडा सुटला आणि त्याची जागा मोरीने घेतली. गंगापूर धरणाचे पाणी नळाने घरात आले. मग मोरी सोडून धुणे बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या यंत्रात शिरले.

नव्या यंत्राबरोबर राहणे हेही एक शिक्षणच असते. पिळण्याच्या वेळी ते थरथरत जागचे सरकू लागते, तेव्हा घरातले सगळे धावतात. मग कळते, की पाय समपातळीत नाहीत किंवा एकच जाड चादर एका बाजूला गोळा झाली आहे. बोअरचे पाणी जड असले तर फेस येत नाही आणि पाणी तापवणाऱ्या कांडीवर क्षाराचे थर चढतात. साड्यांचे पीळ सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. शर्टाची कॉलर अखेर हातानेच घासावी लागते. आजी काही दिवस यंत्रातल्या कपड्यांकडे संशयाने पाहते आणि आपले लुगडे वेगळे काढून ठेवते. मग एके दिवशी तेही यंत्रात पडते. हे सारे आम्ही घरभेटींत पाहतो आणि त्यातला आनंद खरा मानतो. कंबर वाचली, बोटे वाचली, ही देवाची कृपाच होय.

तरीही इतिहास येथे थांबून एक प्रश्न विचारतो. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात दाखवून दिले, की यंत्रे आली तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. श्रम हलके झाले, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि पूर्वी धोबी, नोकर किंवा घरातली इतर माणसे जे काम करीत ते एकट्या गृहिणीवर आले. इंदिरानगरात याचा पडताळा सहज मिळतो. दोन दिवस चालणारा शर्ट आता रोज धुण्यात पडतो. यंत्र धुते, पण कपडे गोळा करणे, वेगळे काढणे, वाळत घालणे आणि घड्या घालणे कोणाकडे आहे? २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले, की एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आहेत आणि पुरुष २६. त्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घरकाम करतात आणि ते पुरुष ९७ मिनिटे. बटण दाबायला बळ लागत नाही. म्हणजे यंत्राने पुरुषाची एक जुनी सबब काढून घेतली, एवढे तरी मान्य व्हावे.

२००९ साली जागतिक महिलादिनी व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने एका लेखिकेचा लेख छापला. विसाव्या शतकात पाश्चात्त्य स्त्रीच्या मुक्तीला सर्वाधिक हातभार कशाने लावला, या प्रश्नावर वॉशिंग मशीनचे नाव त्यात पुढे करण्यात आले होते. लेखावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. धुण्याच्या संदर्भात ख्रिस्तसभेला स्वतःचाही हिशेब द्यायचा आहे. आयर्लंडमध्ये धर्मभगिनींनी चालवलेल्या मॅग्डलीन धुलाईगृहांत हजारो मुली आणि स्त्रियांना कोंडून, विनावेतन कपडे धुवायला लावले गेले. त्यांतले शेवटचे धुलाईगृह १९९६ साली बंद झाले आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली. शुभ्र चादरींमागे कोणाचे हात आहेत हे न विचारण्याचे पाप किती मोठे होऊ शकते, हे या इतिहासात दिसते.

आपल्याकडे ते हात धुणेभांडी करणाऱ्या ताईंचे आहेत. चार घरची धुणी म्हणजे तिच्या घरची चूल, मुलांची फी, खोलीचे भाडे. यंत्र आले की पहिला वार तिच्यावर होतो. पुष्कळदा आदल्या दिवशी सांगितले जाते, उद्यापासून फक्त भांडी. आणि पगार निम्मा होतो. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या विश्वपत्रात बजावले, की तंत्र हे माणसाचे मित्र आहे, पण कामगाराचे काम हिरावले की ते वैऱ्यासारखे होऊ शकते. आपल्या राज्यात सिस्टर जीन डिव्होस यांनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. महाराष्ट्र शासनाने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. म्हणजे वाट दाखवली गेली आहे. चालणे आपल्याकडे आहे.

यंत्र परत करा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. धोंड्याकडे परतण्यात पुण्य नाही. ख्रिस्तसभेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात तांत्रिक साधनांना आशीर्वाद देण्याचाही विधी आहे, आणि कोणी बोलावले तर आम्ही आनंदाने येऊ. मात्र त्याआधी घरात तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. धुणे करणाऱ्या ताईंना निदान महिनाभर आधी सांगावे, शक्य तर दुसरे काम देऊन त्यांचे वेतन राखावे, आणि मंडळाकडे त्यांची नोंदणी झाली आहे का हे विचारावे. कपडे वाळत घालण्याचे आणि घड्यांचे वार घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावेत. आणि आठवड्याचे सगळे धुणे रविवारी काढू नये, म्हणजे त्या घरची आई मिस्सेला सगळ्यांबरोबर वेळेवर येईल आणि मिस्सा संपल्यावर दोन घटका मैत्रिणींशी बोलत उभी राहील.