अमेरिकेतील ‘गर्ल स्काउट ट्रूप’ कसा चालतो?

ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरात १८ मुलींसह या चळवळीची सुरुवात केली. ट्रूप म्हणजे मुलींचा स्थानिक गट. तो पगारी शिक्षक नव्हे, तर पालक आणि इतर स्वयंसेवक चालवतात. मुलींच्या सुरक्षिततेसाठी किमान दोन प्रौढ लागतात. ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत, दोघांचीही पार्श्वभूमी तपासलेली असावी आणि त्यांत एक तरी महिला असावी, असा नियम आहे. त्यामुळे स्वयंसेवक मिळाले नाहीत, तर मुलींना प्रवेशासाठी थांबावे लागते. सगळा भार एकाच आईवर पडला, तर ती थकते आणि ट्रूप बंद पडू शकतो. म्हणून हिशोब, कुकी विक्री, सहलीची ने-आण ही कामे वर्षाच्या सुरुवातीलाच घराघरांत वाटून घेणे महत्त्वाचे ठरते. कुकी विक्रीतून ट्रूपला मिळालेले पैसे कशावर खर्च करायचे, हे मात्र मुलीच ठरवतात.