रविवारांचा गुणाकार

सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करा आणि त्यातून एक वजा करा. उत्तर येते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला नि:शेष भाग जात नाही, असे फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली लिहून ठेवले.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ते खोटे ठरवले. गंमत अशी, की संख्या फुटते हे त्यांच्या रीतीने कळले. कशी फुटते ते कळले नाही. चोरी सिद्ध झाली, चोर मोकळाच!

ऑक्टोबर १९०३. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. एकीकडे त्यांनी ही संख्या काढली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार केला. उत्तरे जुळली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, या प्रश्नावर 'तीन वर्षांचे रविवार' असे त्यांनी सांगितल्याची आख्यायिका आहे.

गुणायला काही मिनिटे, फोडायला तीन वर्षे! याच विषमतेवर १९७७ साली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत उभी राहिली. कोल यांची संख्या आज संगणक क्षणात फोडतो. म्हणून या पद्धतीत शेकडो अंकी संख्या वापरतात. आपली कितीतरी गुपिते अशा न फुटलेल्या संख्यांच्या भरवशावर सुरक्षित आहेत.