कड्यावरचे व्रण

आपलाच हातोहात खपणारा माल घातक ठरवून कारखानदाराने तो मागे घेतल्याची उदाहरणे व्यापाराच्या इतिहासात विरळाच. त्यांपैकी एकाची येथे नोंद करावीशी वाटते.

१९५७ साली कॅलिफोर्नियातील इव्हॉन शुईनार्ड या तरुण गिर्यारोहकाने भंगारातून कोळशाची जुनी भट्टी आणली आणि तो स्वतःच लोहारकाम शिकला. युरोपातील मऊ लोखंडाच्या मेखा कड्याच्या भेगेत एकदा ठोकल्या की बहुधा तेथेच राहत. शुईनार्डची क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची मेख मात्र उपटून पुन्हा वापरता येई. दीड डॉलरला एक, या दराने तो त्या विकी. १९६५ मध्ये टॉम फ्रॉस्ट भागीदार झाला आणि १९७० पर्यंत 'शुईनार्ड इक्विपमेंट' ही अमेरिकेतील गिर्यारोहण-साहित्याची सर्वांत मोठी पुरवठादार कंपनी ठरली.

परंतु जो गुण, तोच दोष निघाला. वारंवार ठोकण्या-उपटण्याने योसेमिटीच्या कातळातील भेगा फुटून रुंदावल्या. मेखा हा धंद्याचा कणा असूनही भागीदारांनी त्या आवरत्या घेण्याचे ठरविले. १९७२ च्या सूचिपत्रात, हाताने भेगेत अडकवून हातानेच काढावयाच्या ॲल्युमिनियमच्या पाचरी आल्या. सोबत त्यांची बाजू मांडणारा डग रॉबिन्सन यांचा १४ पानी लेख होता. काही महिन्यांतच मेखांची मागणी ओसरली आणि पाचरी पुऱ्या पडेनात.

पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यांमुळे १९८९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेथील कर्मचाऱ्यांनीच ती विकत घेऊन 'ब्लॅक डायमंड' उभी केली.

मेखांचे व्रण योसेमिटीच्या कातळावर आजही आहेत. ते भरून येणारे नाहीत. पुढचे कितीतरी टळले, हेच त्या निर्णयाचे श्रेय आम्ही मानतो.