सरपण, पाचर आणि बिळाशी

तर मंडळी, हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्राचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. ते यंत्र पाचरीचंच काम करतं, रेषा धरून लाकूड दुभंगायचं. आपल्याकडे ओंडक्याच्या चिरेत पाचर बसवायची आणि वरून घण. गाठीचं लाकूड मात्र भल्याभल्यांना दमवतं!

पण मला विचाराल तर खरा प्रश्न अवजाराचा नव्हताच. ओंडका आणायचा कुठून? १८७८ च्या वनकायद्यानं राखीव जंगलं आली, सरपणावरही बंधनं पडली. १९३० मध्ये बिळाशीकरांनी (गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत) कायदा मोडून सागाचं झाड तोडलं, गावात आणलं. चुलीत नाही घातलं, त्यावर झेंडा चढवला. तो उतरवायला पोलिसांचा फौजफाटा आला.