मालवाहतूक सुरक्षा : तपासणी ट्रकची, दुर्लक्ष चालकाच्या तासांकडे

जयनगर (बेंगळुरू) : बेंगळुरूजवळ नेलमंगल परिसरात राष्ट्रीय महामार्ग ४८ वर २१ डिसेंबर २०२४ रोजी कंटेनर ट्रक मोटारीवर उलटून एकाच कुटुंबातील सहा जण मृत्युमुखी पडले. हे कुटुंब सांगली जिल्ह्यातील मूळ गावी निघाले होते. अशा प्रत्येक अपघातानंतर नव्या नियमांची मागणी होते. वास्तविक नियमांची वानवा नाही.

बेंगळुरू दक्षिणचे प्रादेशिक परिवहन कार्यालय जयनगर येथे असून 'केए-०५' मालिकेतील वाहनांची नोंदणी तेथे होते. ट्रकमालकाचा सुरक्षाविषयक कायद्याशी नियमित संबंध येतो तो अशा कार्यालयांतून मिळणाऱ्या योग्यता प्रमाणपत्रापुरता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार या प्रमाणपत्राविना मालवाहू वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याची मुदत दोन वर्षे, त्यानंतर एक वर्ष असते. ब्रेक, दिवे व टायर तपासणीच्या दिवशी सुस्थितीत असतात, एवढेच त्यातून सिद्ध होते.

जादा भारासाठी कलम १९४ अन्वये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही. चालक मालक नसेल, तर जादा भार मालकाच्या माहितीने भरला गेला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. ही तरतूद महत्त्वाची असूनही प्रत्यक्षात वजनकाट्यावर उभा राहतो तो चालकच.

खरी उणीव कामाच्या तासांबाबत आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली. मात्र हा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी करण्यात आला. एक-दोन ट्रक बाळगणारे मालक त्याबाहेर राहिले. युरोपीय संघात टॅकोग्राफ हे यंत्र ट्रकमध्येच चालकाच्या तासांची नोंद ठेवते आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे. आपल्याकडे रस्त्यावरील निरीक्षकाला कागदपत्रे पाहता येतात, चालक किती तास जागा आहे हे नाही.

याच महामार्गावर पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले होते. असा धोका योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत दिसत नाही.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकसाठी चालककक्ष वातानुकूलित असणे सक्तीचे केले. रस्त्यावरील जुन्या ट्रकना ही सक्ती लागू नाही.