देमारपटांचे भगवानदादा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे आमच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या तेव्हा मी गोंधळलेच. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. पण आपल्याकडे वरातीत बाप्येमंडळी हात वर करून संथपणे डोलत नाचतात, ते नाचणे मूळचे कुणाचे, हे आमच्या मामंजींनी एकदा सांगितले होते. तेच लिहिते.

ते नाचणे भगवानदादांचे. संपूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १९१३ सालचा, आपल्या विदर्भातल्या अमरावतीचा. वडील गिरणीकामगार, बालपण मुंबईस दादरला गेले. मूकपटांत लहानसहान कामे करीत ते या धंद्यात शिरले आणि १९३८ साली चंद्रराव कदमांच्या जोडीने 'बहादुर किसान' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. पुढे १९४९ पर्यंत देमारपटच काढले. ते पाहणारा वर्ग कष्टकऱ्यांचा. पासष्ट हजारांत अख्खा चित्रपट उरकायचा! नटांचे कपडे तेच ठरवीत, मंडळींच्या जेवणाचेही तेच बघत. महिन्याचा खर्च भागवणाऱ्या बाईला यातली कसरत सांगायला नको. १९४२ साली त्यांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली, १९४७ साली चेंबूरला स्टुडिओही उभारला.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांना ललिताबाई पवारांना थप्पड मारायची होती. ती फार जोरात बसली. बाईंच्या चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर तुटली. तीन वर्षे औषधोपचार चालले, तरी डोळा अधूच राहिला. नायिकेची कामे गेली आणि पुढे खाष्ट सासू त्यांच्या वाट्याला आली. त्या बारीक डोळ्याला आपण पडद्यावर किती शिव्या दिल्या असतील! भगवानदादांनी मुद्दाम केले नव्हते हे खरे, पण भोगले ते बाईनेच. त्या डोळ्यानिशी त्यांनी पुढे कित्येक वर्षे कामे केली, याचे मला भगवानदादांच्या बंगल्याहून अधिक अप्रूप वाटते.

बंगला मिळाला तो 'अलबेला'मुळे. सामाजिक चित्रपट काढा, असे राज कपूरांनी सुचविले. १९५१ साली 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत देमारपटांपासूनचे मित्र सी. रामचंद्र यांचे. चित्रपट तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, सात वारांना सात मोटारी झाल्या. नंतरचे 'झमेला' आणि 'ला बेला' मात्र पडले, 'हसते रहना' अर्ध्यावरच राहिला. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. पोटासाठी किरकोळ भूमिका करू लागले. बहुतेकांनी पाठ फिरविली. सी. रामचंद्र आणि ओमप्रकाश मात्र चाळीतही भेटायला जात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा वारले.

मामंजींनी 'अलबेला' तंबूतल्या टॉकीजात जमिनीवर बसून पाहिला होता. मागल्या लग्नसराईत पुतण्याच्या वरातीत बँडवाल्यांनी त्यातलेच गाणे वाजविले. मामंजींचे गुडघे कधीचे धरलेले. काठी माझ्या हाती देऊन ते चार पावले नाचले, आणि सासूबाई पदर तोंडाशी धरून हसत राहिल्या.