सिम्पल घर आणि बावखळ

हल्ली कुणाचंही नवीन घर बघायला गेलं की "आम्ही एकदम सिम्पल ठेवलंय हं" हे वाक्य ऐकू येतंच. पांढऱ्या भिंती, मोजकं फर्निचर, पसारा सगळा कपाटाआड. छान दिसतं, खोटं कशाला बोला! पण मी पडले वसईची. साधेपणा म्हटलं की मला बावखळ आठवतं.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. बावखळ म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. त्याला विहिरीसारखं बांधकाम नाही, तलावासारखे घाट नाहीत. नुसता मोठा खड्डा आणि काठाला झाडं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आणि आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी अशा गावात ही फार मोठी गोष्ट. जमिनीतलं गोडं पाणी कमी झालं की खारं आत शिरतं. बावखळावर रहाट असायचा. बैल फिरला की मडकी भरून वर यायची आणि पाटाचं पाणी केळी-पानवेलींना जायचं. आपली सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची होतात, त्या बागा अशाच पाण्यावर वाढल्या.

आता गंमत बघा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं त्यांनी इथे तटबंदी, चर्च, मठ, वाडे असं सगळं दगडी आणि भव्य बांधलं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला. आज तिथल्या छप्पर नसलेल्या भिंतींपुढे लोक हौसेने फोटो काढतात. बावखळापुढे कोण फोटो काढणार? तिथे बघण्यासारखं काही नाहीच मुळी.

तिथेच तर घात झाला. भिंत पाडायची तर निदान आवाज होतो. बावखळात चार डंपर माती टाकली की काम झालं, वर प्लॉट तयार! रहाट गेले, पंप आले, टँकर भरभरून पाणी उपसलं गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं. पण शहर वाढतच राहिलं. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये इथले रूळ पाण्याखाली गेले, गाडीत अडकलेल्या प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं. एकट्या बावखळांमुळे हे झालं असं नाही, नाले आणि पाणथळ जागाही बुजल्याच. पण पाण्याला थांबायला जागा ठेवली नाही की ते रस्त्यावर येणारच.

मीसुद्धा फ्लॅटमध्येच राहते, तेव्हा इमारतींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आमच्या नळाला पाणी येतं ते दूरच्या सूर्या धरणातून. ते कमी पडलं की टँकर. म्हणजे घर दिसतं साधं, पण त्याचा सगळा खटाटोप नजरेआड, दुसऱ्या कुणाच्या तरी गावात! बावखळ दिसायला ओबडधोबड, पण वाडीची तहान वाडीतच भागवायचं.

असो. नातेवाइकांपैकी ज्यांच्या वाडीत अजून बावखळ आहे, त्यांना एवढंच सांगणं: पावसाळ्याआधी गाळ काढून घ्या. आणि "ही जागा नुसती पडून आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी विहिरीचं पाणी पाजा.